पतंगाच्या कानातल्या दोन पेशी

पावसाळ्याच्या रात्री ओसरीवरचा दिवा लागला की त्याच्याभोवती पतंग कसे जमतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दिव्यावर आपटून खाली पडणारा हा जीव पाहिला की आपण म्हणतो, ‘याला काही अक्कल नाही.’ ज्योतीवर झेप घेऊन जळून जाणारा वेडा, अशीच त्याची आपल्याकडे ख्याती आहे. पण हाच पतंग दिव्यापासून दूर, काळोखात उडत असतो तेव्हा त्याच्यावर काय प्रसंग येतात, ते आपल्याला दिसत नाही. तिथे त्याच्यामागे वटवाघूळ लागलेले असते, आणि त्या वटवाघळाला तो पुष्कळदा असा चकवतो की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. यासाठी त्याच्या एका कानात ऐकण्याच्या पेशी किती असाव्यात? फक्त दोन! त्या दोन पेशींची आणि त्यांचा माग काढणाऱ्या एका प्राध्यापकाची ही हकिकत आहे.

या प्राध्यापकांचे नाव केनेथ रोडर. १९०८ साली इंग्लंडमध्ये त्यांचा जन्म झाला, केंब्रिजला शिक्षण झाले, आणि १९३१ पासून ते अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या टफ्ट्स या विद्यापीठात शिकवू लागले. १९७९ साली ते वारले. मधल्या काळात त्यांनी झुरळ, प्रार्थना-कीटक आणि पतंग असल्या साध्यासुध्या किड्यांची मज्जासंस्था आणि त्यांचे वागणे यांची सांगड घालण्याचे काम केले. या शास्त्राला आपण मज्जाजीवशास्त्र म्हणू.

या शास्त्राचा प्रश्न अगदी पोरासोरांनी विचारावा असा आहे. प्राणी असा का वागतो? झुरळ चप्पल पडायच्या आत कसे पळते? आपण उत्तर देतो, ‘उपजत बुद्धीने.’ ठीक आहे, पण नाव दिले म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. एखाद्या मुलाने विचारावे, ‘गुरुजी, मोट वर कशी येते?’ आणि गुरुजींनी म्हणावे, ‘वर येण्याच्या गुणाने!’ त्यातलाच हा प्रकार. खरे उत्तर हवे असेल तर दोर, चाक, नाडा, बैल हे सगळे एकेक करून दाखवावे लागते. रोडर यांनी किड्याच्या वागण्याचे तसे दोर आणि चाके दाखवायचे मनावर घेतले.

त्यासाठी मज्जातंतूतून निरोप कसा जातो, ते आधी पाहू. पूर्वी तारऑफिसात ‘कड-कट्ट’ असा आवाज चालू असायचा. लांब आणि आखूड अशा दोन खुणांवर सगळा मजकूर जायचा. मज्जातंतूपाशी तेवढ्या दोन खुणासुद्धा नाहीत. त्याच्याजवळ एकच अक्षर आहे, विजेचा एक बारीक ठोका. तो जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकतो. हाताला हलका चटका बसो की जोराचा, एकेका ठोक्याचे बळ तेवढेच राहते. फरक पडतो तो ठोक्यांच्या संख्येत. हलक्या चटक्याला थोडे आणि सावकाश, जोराच्या चटक्याला पुष्कळ आणि भराभर. इंग्लंडचे एडगर एड्रियन यांनी १९२० नंतरच्या दशकात एकेका तंतूतले हे ठोके मोजून दाखवले, आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता यातली मौज अशी की, ही एका अक्षराची भाषा किड्यात आहे, बेडकात आहे, गोठ्यातल्या बैलात आहे आणि तुमच्याआमच्यातही आहे. पण माणसाच्या मेंदूत मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी. त्या गर्दीत कोण कोणाशी काय बोलले याचा पत्ता लावायचा, म्हणजे पंढरीच्या वारीत एका वारकऱ्याची कुजबुज ऐकण्यासारखे आहे. भाषा तीच असेल तर ती शिकायला लहान घर बरे. म्हणून रोडर किड्यांकडे वळले.

आधी झुरळाचे पाहू. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन छोट्या शेंड्या असतात. त्यांच्यावर अतिशय नाजूक केस असतात. चप्पल खाली येऊ लागली की तिच्यापुढे हवा ढकलली जाते. ती झुळूक त्या केसांना लागते, केसाच्या मुळाशी असलेली पेशी ठोके पाठवते, ते शेपटीकडच्या मज्जागाठीत पोचतात, तिथून जाड मज्जातंतूंच्या वाटेने पुढे पायांकडे निरोप जातो. १९४० च्या दशकात रोडर यांनी या प्रवासाचा एकेक टप्पा मोजायला घेतला. एस्‌.टी. नाशकाहून निघाली कधी, सिन्नरला पोचली कधी आणि थांबली किती, असा हिशेब आपण करतो, तसाच. झुळूक लागल्यापासून झुरळ पळू लागेपर्यंत सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो. जाड तंतूतला प्रवास झपाट्याने होतो. खरा वेळ मोडतो तो थांब्यांवर, म्हणजे एक पेशी दुसरीच्या हाती निरोप देते त्या सांध्यांवर.

हे सांधे पुढेही लागणार आहेत, म्हणून ध्यानात ठेवा.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा डीडीटीचा जगभर बोलबाला झाला होता. किडे मरतात हे सगळ्यांना दिसत होते. कसे मरतात? १९४६ साली रोडर आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ वायंट यांनी झुरळावर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. डीडीटीचा मार संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंवर बसतो. जिथे एक ठोका जायचा, तिथे ठोक्यांची माळच्या माळ सुटते. काही कारण नसताना पायांतून निरोपांचा भडिमार सुरू होतो, किडा थरथरतो, उताणा पडतो आणि दमून मरतो. पुढे संशोधकांना कळले की तंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात आणि डीडीटी ती दारे नीट मिटू देत नाही. ज्या माश्यांच्या आणि डासांच्या दारांची घडण जन्मतःच थोडी वेगळी होती, त्या जगल्या, त्यांची वीण वाढली, आणि औषध लागू पडेनासे झाले. आपल्याकडे शेतीत डीडीटी वापरायला १९८९ पासून बंदी आहे.

ही गोष्ट नुसती झुरळाची म्हणून सोडून देऊ नका. किड्याचा तंतू आणि आपला तंतू एकाच भाषेत बोलतो असे मघाशी म्हटले. त्याचा कडू अर्थ इथे आहे. कीडनाशकांतला एक मोठा गट ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांचा. मघाचे ते सांधे आठवा. एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनाच्या रूपाने. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसावे लागते. फळा पुसल्याशिवाय पुढचे गणित कसे लिहिणार? ते पुसणारे द्रव्य ही औषधे निकामी करतात. मग किड्याचे सांधे निरोपांनी तुंबतात आणि तो मरतो. पण तेच रसायन आणि तेच पुसणारे द्रव्य आपल्याही शरीरात आहे. म्हणून फवारणी करणाऱ्या माणसाला घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ‘औषध किड्यांचे आहे, माणसाला काय होते?’ असे कोणी म्हणाला तर त्याला हे समजावून सांगा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, उघड्या अंगाने फवारू नये, फवारताना विडी-तंबाखू नको, नंतर अंग साबणाने धुवावे. आणि कोणाला त्रास झालाच तर औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. डॉक्टरला गट कळला की उतारा लवकर देता येतो.

आता पतंगाकडे येऊ. पण त्याआधी त्याच्या वैऱ्याची ओळख हवी.

इटलीतले शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकात पाहिले की आंधळे केलेले वटवाघूळही खोलीत कुठे न धडकता उडते. पुढे स्वित्झर्लंडच्या झ्युरीन यांनी त्याचे कान बंद केले, तेव्हा मात्र ते धडकू लागले. कानाने पाहते की काय? लोक हसले, आणि कोडे जवळजवळ दीडशे वर्षे तसेच राहिले. १९४० च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस या दोघा तरुणांनी ते सोडवले. वटवाघूळ उडताना सतत ओरडत असते, पण इतक्या उंच पट्टीत की आपल्याला ऐकू येत नाही. आपले कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतात. किडे खाणाऱ्या वटवाघळांच्या आरोळ्या बहुधा २०,००० ते १,००,००० कंपनांच्या असतात. या आरोळीचा प्रतिध्वनी ऐकून ते भिंत कुठे, फांदी कुठे आणि किडा कुठे हे ओळखते. विहिरीत हाक मारली तर ती परत येते ना, तसेच. फक्त फार बारीक आणि फार झटपट.

आता प्रश्न असा पडतो, की ओरडून शिकार शोधणाऱ्याची आरोळी शिकारीलाही ऐकू येत असेल का? रोडर आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातले त्यांचे सहकारी ॲशर ट्रीट यांनी १९५० च्या दशकात या प्रश्नाला हात घातला.

पतंगांची एक मोठी जात-घराणी आहे, तिला शास्त्रात नॉक्टुइड म्हणतात. नाव परके असले तरी मंडळी आपल्या ओळखीची आहे. हरभऱ्याच्या घाट्यात आणि कपाशीच्या बोंडात शिरणारी घाटेअळी, हिरवी बोंडअळी म्हणतात तीच, या घराण्यातल्या पतंगाची पिल्ले. मक्यावरची लष्करी अळीही याच घराण्यातली. या पतंगांना कान असतात, पण डोक्यावर नव्हे. छाती आणि पोट जिथे मिळते तिथे, म्हणजे कमरेशी, दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा ताणलेला असतो. त्या पडद्याला ऐकणाऱ्या दोन पेशी जोडलेल्या असतात. जवळच आणखी एक पेशी आहे, पण ती ऐकण्याच्या कामाची नाही.

रोडर आणि ट्रीट यांनी या दोन पेशींकडून निघणाऱ्या तंतूला केसासारखी बारीक तार टेकवली. तंतूतले ठोके यंत्राने वाढवून पडद्यावर रेघेच्या रूपात पाहिले. मग पतंगाला निरनिराळे आवाज ऐकवले. काय दिसले? या कानाला पट्टी कळत नाही. गाणे आणि गोंगाट त्याला सारखेच. त्याला कळते ते एवढेच की उंच पट्टीतला आवाज आहे की नाही, आणि असला तर किती जोराचा. पहिली पेशी फार तिखट कानाची. अगदी दुबळ्या आवाजालाही ती ठोके देते आणि आवाज वाढेल तसे ते भराभर देते. दुसरी पेशी आवाज पुष्कळ मोठा झाल्याखेरीज जागीच होत नाही. गावच्या वेशीवर एक पहारेकरी आणि घराच्या दारात दुसरा, अशी ही वाटणी आहे.

पुढचे पाऊल मला फार आवडते. त्यांनी ही सगळी यंत्रसामग्री उचलून उन्हाळ्याच्या रात्री उघड्यावर नेली. आपल्याला वटवाघळाची आरोळी ऐकू येत नाही, पण पतंगाच्या कानाला येते. मग त्या कानाचेच यंत्र केले! वटवाघूळ येताना दिसण्याआधीच पतंगाच्या तंतूत ठोके सुरू व्हायचे. पतंगाला वटवाघूळ सुमारे १०० फुटांवरून कळते. वटवाघळाला पतंगाचा प्रतिध्वनी कळतो तो सुमारे १० फुटांवरून. मधले ९० फूट ही पतंगाची पुंजी. तिच्यावरच त्याला जगायचे असते, कारण उडण्यात वटवाघूळ त्याच्यापेक्षा वेगवान.

ही पुंजी तो कशी खर्च करतो? रोडर यांनी रात्री अंगणात झोताचा दिवा लावला, खांबावर ध्वनिवर्धक बसवला, त्यातून वटवाघळाच्या आरोळीसारखे ठोके सोडले आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून पतंगांच्या वाटांचे फोटो घेतले. फोटोंत पतंगाची वाट पांढऱ्या रेघेसारखी उमटते. आवाज दुबळा असला, म्हणजे शत्रू दूर असला, तर पतंग वळतो आणि सरळ उलट्या दिशेला निघून जातो. आवाज मोठा असला, म्हणजे शत्रू अंगावर आला असला, तर पळण्यात अर्थ नाही हे जणू त्याला कळते. तो गिरक्या घेतो, वेडावाकडा उडतो, किंवा पंख मिटून दगडासारखा गवतात पडतो.

‘पण आवाज कोणत्या बाजूने येतो ते त्याला कळते कसे?’ असे एखादा चलाख विद्यार्थी विचारील. डाव्या बाजूने आवाज आला तर डाव्या कानातले ठोके थोडे आधी आणि जास्त. उजव्या कानातले उशिरा आणि कमी. वरून की खालून, हे पंखांच्या फडफडीवरून कळू शकते. पंख वर असताना आणि खाली असताना कानावर पडणाऱ्या आवाजात फरक पडतो. बस्स! दोन कान, चार पेशी, आणि एका अक्षराची भाषा.

हा चकवा खरोखर उपयोगी पडतो का? तेही त्यांनी मोजले. रात्री उजेडात उभे राहून वटवाघूळ आणि पतंग यांच्या ४०२ गाठी त्यांनी डोळ्यांनी टिपल्या. कोणता पतंग चकवा देतो, कोणता सरळ उडत राहतो, आणि कोण वाचतो. हिशेब असा निघाला की चकवा देणारे शंभर वाचले त्या प्रमाणात न देणारे साठच वाचले. शंभरास साठ, हा फरक थोडा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या असा फरक पडत गेला की कान नसलेले मागे पडतात आणि कान असलेले उरतात.

इथे एक छोटी पण विलक्षण हकिकत सांगतो. ट्रीट यांना पतंगाच्या कानात राहणारी एक सूक्ष्म कोळी सापडली, गोचिडीच्या नात्यातली. ती कानात शिरते, पडदा फोडते, तिथेच अंडी घालते. तो कान कायमचा बहिरा होतो. पण या कोळ्या एकाच कानात राहतात! मागून येणाऱ्या कोळ्याही पहिलीच्या मागावरून त्याच कानात जातात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. का बरे? दोन्ही कान गेले तर पतंग वटवाघळाच्या पोटात जाईल आणि त्याच्याबरोबर घरात राहणारेही जातील. भाडेकऱ्याने घराचा एक खांब शाबूत ठेवावा, तसे हे झाले. यात कोळीने विचार केला असे कोणी समजू नये. ज्यांनी दोन्ही कान पोखरले त्यांची वीणच राहिली नाही.

काही पतंग याच्याही पुढे गेले आहेत. टायगर मॉथ नावाच्या रंगीत पतंगांत असे काही आहेत की वटवाघळाची आरोळी ऐकताच ते उलट ‘कट्‌कट्‌’ असा आवाज करतात. डॉरोथी डनिंग आणि रोडर यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हवेत उडवलेल्या अळ्या झेलायला शिकवलेली वटवाघळे त्यांनी घेतली. अळी उडवताना या पतंगांचा आवाज ऐकवला की वटवाघळे बहुतेक वेळा ऐनवेळी वळून जायची. हे पतंग बहुधा बेचव असतात, आणि तो आवाज म्हणजे ‘मला खाऊ नको’ अशी दवंडी असते.

आता राहिला निर्णयाचा प्रश्न. दोन पेशींनी खबर दिली. वळायचे की पडायचे हे कोण ठरवते? पहिली पेशी वळवते आणि दुसरी पाडते, असे म्हणणे सोपे होते, आणि रोडर यांना तसे वाटण्याला आधारही होता. पण नंतरच्या संशोधनात असे पतंग आढळले की ज्यांच्या कानात एकच ऐकणारी पेशी आहे, आणि तरी दूरच्या आवाजाला वळणे आणि जवळच्या आवाजाला कोसळणे ही दोन्ही कामे ते करतात. म्हणजे निवाडा बराचसा आत, मज्जागाठींत होतो. त्या गाठींबद्दल रोडर यांनी १९३० च्या दशकातच एक धडा घेतला होता. पुढचे पाय जोडून नमस्कार केल्यासारखा बसणारा हिरवा प्रार्थना-कीटक आपण शेतात पाहतो. त्याच्या डोक्यातली मेंदूची गाठ काढली तर तो निपचित पडेल असे वाटते. उलट तो चालू लागतो, आणि चालतच राहतो. म्हणजे चालण्याची व्यवस्था खाली आहे; मेंदू तिला बराच वेळ लगाम घालून बसलेला असतो. घोड्याला टाच मारणे जेवढे महत्त्वाचे तेवढेच लगाम खेचणे. वर्गात मुलांना शिकवताना हा दाखला उपयोगी पडेल.

शेतकरी बंधू विचारतील, ‘या सगळ्याचा आम्हाला उपयोग काय?’ रास्त प्रश्न आहे. घाटेअळीच्या पतंगाला वटवाघळाची भीती वाटते, तर शेतात तसला आवाज सोडून त्याला पळवता येईल का? १९६० च्या दशकात कॅनडात मक्याच्या शेतात हा प्रयोग झाला आणि पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव कमी झालेला दिसला. पण उंच पट्टीचा आवाज हवेत फार लवकर विरतो. मोठ्या शेताला पुरतील इतके ध्वनिवर्धक लावणे परवडत नाही. शिवाय रोज तोच आवाज ऐकला आणि कोणी अंगावर आले नाही, तर किडा सरावतो. म्हणून ही युक्ती घरोघर पोचली नाही. मात्र बाजारात ‘आवाजाने डास आणि झुरळे पळतात’ असे सांगून विजेच्या खटक्यात खोचायची यंत्रे विकतात. ती घेण्यापूर्वी पतंगाचा कान आठवा. वटवाघळाची आरोळी ऐकणारा कान पतंगांच्या काही घराण्यांना आहे. झुरळाला आणि डासाला तसा कान नाही. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला ओरडून काय होणार? तपासण्यांत अशी यंत्रे निकामीच ठरली आहेत.

खरा पहारेकरी फुकटात मिळतो, तो म्हणजे ते वटवाघूळच. जुन्या वाड्यात, पडक्या देवळात, लेण्यांत, विहिरीच्या कपारीत राहणारी लहान वटवाघळे रात्रभर किडे खातात, आणि त्यांत पिकांवरचे पतंगही असतात. अपशकुनी म्हणून त्यांना धूर देऊन मारण्यात आपलेच नुकसान. एवढे मात्र पाळा की वटवाघळाला हाताने धरू नका; चावले तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जा.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सांगतो. खर्च काही नाही. रात्री दिव्याजवळ पतंग जमू द्या. झगझगीत दिव्याच्या अगदी जवळ पतंगाचे भान सुटते, चकवा देण्याची त्याची सवय मंदावते. म्हणून उजेडाच्या कडेला उडणारे पतंग निवडा. एका मुलाने चाव्यांचा जुडगा हातात घेऊन दोन-तीन हात अंतरावरून जोराने छणछण वाजवावा. चाव्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीचाही भाग असतो. दुसऱ्या मुलाने पाहावे: पतंग वळला, गिरकी घेतली, खाली पडला, की काहीच केले नाही? तिसऱ्याने लिहून ठेवावे.

इथेच थांबू नका. पतंग हाताच्या हालचालीला भ्याला असेल तर? मग चाव्या मुठीत घट्ट धरून, आवाज न करता, हात तसाच हलवा आणि पुन्हा मोजा. आवाजासह वीस वेळा, आवाजाशिवाय वीस वेळा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की मुलांना कळेल की पुरावा म्हणजे काय. काही पतंग मुळीच दाद देणार नाहीत. त्यांना मूर्ख ठरवू नका; सगळ्या पतंगांना कान नसतात. विदर्भात टसर रेशमाचे किडे पाळतात, त्यांचा तो मोठा देखणा पतंग बिनकानाच्या घराण्यातला आहे. दाद न देणाऱ्या पतंगांची चित्रे काढून ठेवा. ‘कोण ऐकतो आणि कोण ऐकत नाही’ अशी गावची यादी तयार होईल.

रोडर यांचे शिकवणे पाहायचे असेल तर १९६३ साली निघालेले मज्जापेशी आणि किड्यांचे वागणे या विषयावरचे त्यांचे पुस्तक पाहावे. प्रश्न मुलाने विचारावा असा घ्यायचा, किड्याला काय ऐकू येते ते आधी शोधायचे, मग त्याच्या वागण्याचा अर्थ लावायचा; आणि पुरावा जिथे संपतो तिथे आपणही थांबायचे, हा त्यांचा पाठ होता. आपल्या शाळेत तारा आणि यंत्रे नसतील. पण चाव्या आहेत, कंदील आहे, पतंग तर आपणहून येतात. मोजणीची वही मात्र फाडू नका. ती शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या पावसाळ्यात नवी मुले येतील आणि मागच्या आकड्यांच्या खाली आपले आकडे मांडतील.